पूर्वपक्षाचा न्याय : एस. एल. भैरप्पा यांची कादंबरी आणि तिच्याभोवतीचे वाद

२४ सप्टेंबर २०२५ रोजी बेंगळुरू येथे एस. एल. भैरप्पा यांचे निधन झाले. सहा दशकांहून अधिक काळ कन्नडमध्ये अखंड कादंबरीलेखन करणाऱ्या आणि भाषांतरांतून भारतीय वाचकवर्ग मिळवणाऱ्या या लेखकाविषयी त्यानंतर जे लिहिले गेले, त्यात दोन चित्रे प्रामुख्याने दिसतात. एका चित्रातील भैरप्पा सत्य सांगण्याची किंमत मोजणारे निर्भय लेखक आहेत, तर दुसऱ्या चित्रात प्रतिभा असूनही एका राजकीय विचारप्रणालीच्या सेवेत गेलेले लेखक आहेत. या दोन्ही चित्रांत कादंबऱ्यांचे स्थान पुराव्याचे आहे. निर्णय आधी ठरलेला असतो आणि त्याला पोषक असा उतारा नंतर शोधला जातो.

भैरप्पांच्या वाङ्मयीन कारकिर्दीतील पहिली अडचण अशी की त्यांच्यावर परस्परविरोधी आरोप झाले. 'वंशवृक्ष', 'दाटु' आणि 'पर्व' या कादंबऱ्यांनी परंपरानिष्ठ वाचक अस्वस्थ झाले. 'आवरण' आणि 'कवलु' या कादंबऱ्यांनी पुरोगामी वाचक संतापले. त्यानंतर आलेल्या 'उत्तरकांड'मुळे पुन्हा काही श्रद्धाळू वाचक दुखावले. हा लेखक पुरोगामित्वाकडून सनातनीपणाकडे वळला, अशी सोपी उपपत्ती या क्रमाला लागू पडत नाही. १९६१ मध्ये आलेल्या 'धर्मश्री' या आरंभीच्या कादंबरीचा विषयच धर्मांतर आणि त्यातून येणारे सांस्कृतिक तुटलेपण हा आहे. 'आवरण'मधील प्रश्न लेखकाला उतारवयात सुचलेला नाही. तो त्याच्याबरोबर प्रारंभापासून आहे. तेव्हा बदल झाला तो विषयात की विषय हाताळण्याच्या रीतीत, हा समीक्षेचा खरा प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एक निकष भैरप्पांच्या स्वतःच्या विद्याशाखेतूनच घेता येईल. भारतीय दर्शनांच्या वादपद्धतीत सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो प्रतिपक्षीयाला मान्य होईल इतक्या सामर्थ्याने मांडावा लागतो. दुबळा पूर्वपक्ष उभा करून मिळवलेला विजय हा विजयच मानला जात नाही. भैरप्पा तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आणि अध्यापक होते. त्यांची कादंबरी स्वभावतःच वादप्रधान आहे. ती कोणत्या बाजूने उभी राहते, यापेक्षा तिने पूर्वपक्षाला किती न्याय दिला, हे पाहणे अधिक फलदायी होईल.

१

भैरप्पांचा जन्म १९३१ साली हासन जिल्ह्यातील चन्नरायपट्टण तालुक्यातल्या संतेशिवर या गावी झाला. प्लेगमध्ये आई आणि भावंडे गेली. पुढचे शिक्षण दारिद्र्यात, वारावर जेवून आणि मिळेल ते काम करून झाले. मधल्या एका वर्षी शाळा सोडून ते भटकत मुंबईस आले, तेथे रेल्वे स्थानकावर हमाली केली आणि काही काळ साधूंच्या सोबतीने हिंडले. 'भित्ती' (१९९६) या आत्मचरित्रात हा काळ आला आहे. म्हैसूर येथे तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर पदवी आणि बडोदा येथे सत्य व सौंदर्य यांच्या परस्परसंबंधावर डॉक्टरेट, त्यानंतर हुबळी, गुजरात, दिल्ली आणि म्हैसूर येथे अध्यापन असा त्यांचा पुढचा प्रवास आहे.

या चरित्रातील दोन गोष्टी लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात. एक म्हणजे मृत्यूचा जवळून आणि वारंवार झालेला परिचय. १९७० च्या 'गृहभंग'मधील नंजम्मा नवऱ्याच्या नाकर्तेपणामुळे शानुभोगकीचे हिशेब स्वतः लिहिते, गावाच्या आणि सासूच्या शिव्याशापांत मुले वाढवते आणि प्लेगमध्ये ती मुले गमावते. शानुभोगकी म्हणजे आपल्याकडचे कुळकर्णीपण. त्यामुळे दप्तर, वसुली आणि गावकी यांचे हे जग मराठी वाचकाला परके वाटत नाही. या कादंबरीत लेखक कोणतीही तत्त्वचर्चा करत नाही. दुःखाचे स्पष्टीकरण देण्याचा मोह त्याने पूर्णपणे टाळला आहे. भैरप्पांना केवळ वादपटू ठरवणाऱ्या समीक्षेला 'गृहभंग'चा हिशेब कधीच नीट देता आलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तत्त्वज्ञानाचे शिक्षण. प्रत्येक प्रश्नाची मुळे मूल्यव्यवस्थेत शोधावयाची आणि ती मूल्ये परस्परांसमोर उभी करावयाची, ही सवय त्यांना तेथून लागली. कादंबरीलेखनात ही सवय बळ देते आणि धोकाही निर्माण करते. मराठीला हा धोका अपरिचित नाही. वामन मल्हार जोशी यांच्या 'रागिणी' (१९१५) आणि 'सुशीलेचा देव' (१९३०) या तत्त्वचर्चात्मक कादंबऱ्यांविषयी हाच प्रश्न विचारला गेला आहे. वामन मल्हारांची चर्चा कथेला अनेकदा थांबवते, हे खरे. परंतु प्रतिपक्षाला हास्यास्पद करून ती पुढे जात नाही. चर्चा असणे हा कादंबरीचा दोष ठरत नाही. एकाच बाजूला बोलण्याचा अधिकार उरला, की ती दोषास्पद होते.

२

१९६५ हे वर्ष कन्नड कादंबरीच्या इतिहासात दोन कृतींमुळे लक्षणीय ठरले. यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' आणि भैरप्पांची 'वंशवृक्ष' या कादंबऱ्या त्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींच्या केंद्रस्थानी कर्मठ, विद्वान आणि निःसंशय सच्चा असा ब्राह्मण आहे आणि दोन्हींत त्याच्या धर्मनिष्ठेची भूमी त्याच्या पायाखालून सरकते. कन्नड नव्य समीक्षेने 'संस्कार'चे स्वागत केले. 'वंशवृक्ष'ला वाचकांनी डोक्यावर घेतले, पण नव्य समीक्षेने तिला जुन्या वळणाची, पसरट, वास्तववादी कादंबरी मानले. भैरप्पांभोवतीचा पहिला वाद असा रूपविषयक होता. प्रतीकात्मकता, संक्षेप आणि अस्तित्ववादी जाणीव ही नव्यांची मूल्ये होती, तर पिढ्यांचा पट, तपशिलांची घनता आणि प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह ही भैरप्पांची. पुढच्या राजकीय वादात ही जुनी रूपविषयक नापसंती मिसळून गेली आणि दोन्ही वेगळी ओळखणे कठीण झाले.

'वंशवृक्ष'मधील श्रीनिवास श्रोत्री हे नंजनगूडचे वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा कपिला नदीच्या पुरात वाहून जातो. विधवा सून कात्यायनी शिकण्यासाठी म्हैसूरला जाऊ लागते, तेथे राजाराव या प्राध्यापकाच्या प्रेमात पडते आणि लहान मुलाला सासऱ्यांच्या घरी ठेवून त्याच्याशी विवाह करते. दुसऱ्या विवाहातील तिचे गर्भ टिकत नाहीत. अपराधभावाने ती खचते. राजारावाचे थोरले बंधू सदाशिवराव इतिहाससंशोधनासाठी पत्नीला बाजूला सारून आपल्या सहकारी संशोधिकेशी लग्न करतात. वंश, ज्ञान आणि प्रेम या तीन प्रेरणा येथे तीन घरांत विभागल्या आहेत.

कात्यायनीच्या शोकान्तामुळे ही कादंबरी पुनर्विवाहाला शिक्षा देते, असा आक्षेप घेण्यात आला आणि तो सहज फेटाळता येणारा नाही. लेखकाने तिच्या देहावर जणू परंपरेचा निकाल लिहिला आहे. परंतु कादंबरी तेथे थांबत नाही. जुन्या कागदांच्या आणि जुन्या माणसांच्या साक्षीतून श्रोत्रींना कळते, की ज्या वंशाच्या शुद्धतेसाठी त्यांनी आयुष्य वेचले त्या वंशाचे ते रक्ताने वारसच नाहीत. वंशवृक्ष हे शीर्षक येथे उलटते. ज्याच्या मुखातून परंपरेचा पक्ष सर्वाधिक समर्थपणे मांडला गेला, त्याच्याच जन्माने तो पक्ष मोडतो. श्रोत्रींनी कात्यायनीवर कधी सक्ती केली नव्हती. आता त्यांना स्वतःच्या वैराग्याचाही आधार नव्याने शोधावा लागतो. कोणत्याही एका पक्षाला विजय न देता येथे वाद संपतो.

या कादंबरीवर बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी १९७१ साली चित्रपट केला आणि त्याच्या दिग्दर्शनासाठी दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'तब्बलियु नीनादे मगने' (१९६८) या कादंबरीवरील त्यांचा चित्रपट १९७७ साली आला. हिंदीत तो 'गोधूलि' या नावाने परिचित आहे. अमेरिकेत शिकून परतलेला तरुण, त्याची परदेशी पत्नी आणि गाईविषयीची गावाची श्रद्धा यांतील संघर्ष या कादंबरीत आहे. पुढील काळातील प्रखर विरोधकांपैकी एकाने ऐन उमेदीच्या वर्षांत भैरप्पांच्या दोन कादंबऱ्या पडद्यासाठी निवडल्या होत्या. त्या कादंबऱ्यांत त्याला दोन्ही बाजूंनी उघडा असलेला प्रश्न दिसला असला पाहिजे.

३

१९७३ ची 'दाटु' ही कादंबरी मराठीत 'जा ओलांडुनी' या नावाने आली. पुजाऱ्याची मुलगी सत्यभामा आणि राजकारणी गौड घराण्यातील श्रीनिवास यांच्या प्रेमापासून ती सुरू होते आणि गावातील सर्व जातींचे परस्परसंबंध उलगडत नेते. जात ही केवळ वरच्यांनी खालच्यांवर लादलेली गोष्ट नसून प्रत्येक थराने आपल्या खालच्या थरासाठी जपलेली गोष्ट आहे, असे तिचे निरीक्षण आहे. त्यामुळे ती ब्राह्मणांना रुचली नाही तशी ब्राह्मणेतर राजकारणालाही रुचली नाही. ओलांडण्याची इच्छा असणारी माणसे ऐन क्षणी का मागे फिरतात, याचा शोध ती घेते. १९७५ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'पर्व' (१९७९) हा भैरप्पांच्या लेखनातील सर्वांत धाडसी टप्पा. महाभारतातील देव, वर आणि शाप पूर्णपणे वगळून, नियोग, बहुपतित्व, कुळांचे हितसंबंध आणि भूमीची हाव यांच्या आधारे ही कथा उभी केली आहे. त्यासाठी त्यांनी हिमालयाच्या परिसरातील बहुपतित्वाच्या चालीरीतींचाही अभ्यास केला. कुंती, द्रौपदी, भीम, भीष्म यांच्या स्मरणांतून निवेदन पुढे सरकते. पांडव नियोगातून झालेले, तेव्हा ते वारस ठरतात की नाही, हा भीष्मांपुढचा प्रश्न शास्त्राचा आहे तितकाच त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचाही आहे. युद्धाला धर्मयुद्ध म्हणावे असे काही या कादंबरीत उरत नाही. उरतात ती प्रेते, चिखल आणि मागे राहिलेल्या स्त्रिया. परंपरेच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाला हे असे वाचणारा लेखक परंपरेचा प्रचारक म्हणून ओळखला जावा, ही विसंगती समीक्षेने अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती.

मराठी वाचकाची 'पर्व'साठी पूर्वतयारी झालेली होती. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) या पुस्तकांनी महाभारताकडे माणसांची कथा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली होती. त्याच वेळी शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) कर्णाला तेजोवलय देणारी दुसरी वाटही लोकप्रिय केली होती. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादातून आलेले 'पर्व' मराठीत पहिल्या वाटेवर येऊन मिळाले आणि त्या वाटेला कादंबरीचा विस्तार लाभला.

४

सार्वजनिक जीवनातील वादाची पार्श्वभूमी याहून जुनी आहे. दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत असताना, राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने पाठ्यपुस्तके तयार करण्यासाठी जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत ते होते. मध्ययुगातील मंदिरविध्वंसाचे उल्लेख गाळण्यास आपण विरोध केला आणि त्यानंतर पुनर्रचित समितीतून आपल्याला वगळण्यात आले, असे भैरप्पांनी पुढे सांगितले. ही आठवण त्यांच्या मनात किती खोल रुजली होती हे 'आवरण'वरून दिसते.

२००६ साली कर्नाटकात टिपू सुलतानाच्या मूल्यमापनावरून वाद पेटला. त्या वेळी भैरप्पांनी 'विजय कर्नाटक' या दैनिकात दीर्घ लेख लिहून टिपूवरील कार्नाडांच्या नाटकाची चिकित्सा केली. कार्नाडांनी उत्तर दिले. कलावंताला इतिहासाच्या बाबतीत किती स्वातंत्र्य घेता येते, हा त्या वादातला मोलाचा प्रश्न होता. तो लवकरच व्यक्तिगत आणि पक्षीय आरोपांखाली गाडला गेला. २००७ च्या प्रारंभी 'आवरण' आली. प्रकाशनापूर्वीच तिची पहिली आवृत्ती संपली आणि पहिल्या पाच महिन्यांत दहा पुनर्मुद्रणे झाली.

'आवरण'ची नायिका लक्ष्मी ही चित्रपटक्षेत्रातील पुरोगामी तरुणी. अमीरशी विवाह करताना ती धर्म बदलून रझिया होते; गांधीवादी वडील तिच्याशी संबंध तोडतात. हंपीवरील माहितीपटाच्या निमित्ताने तिला विध्वंसाच्या कारणांविषयी प्रश्न पडू लागतात. वडिलांच्या मृत्यूनंतर गावी परतल्यावर तिला त्यांचा ग्रंथसंग्रह आणि टिपणे सापडतात. त्या वाचनातून ती औरंगजेबाच्या काळातील एका राजपूत राजपुत्राची कथा लिहू लागते. कैद, खच्चीकरण आणि गुलामी भोगलेला हा राजपुत्र काशीच्या मंदिराचा पाडाव पाहतो. कादंबरीच्या आत अशी दुसरी कादंबरी आहे आणि तिच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादीही.

या रचनेत भैरप्पांचे कौशल्य आणि त्यांची मर्यादा दोन्ही दिसतात. आतली कथा ताकदीची आहे. सत्तेने देहावर केलेला आघात, त्यातून येणारी लाचारी आणि जगण्याची चिवट इच्छा यांचे चित्रण 'गृहभंग'च्या लेखकाला शोभेल असे आहे. रझियाचा वडिलांविषयीचा पश्चात्तापही खरा वाटतो. वडिलांच्या टिपणांचा पहिला आघात तिच्या स्वतःच्या आधीच्या आयुष्यावर होतो, हेही मान्य केले पाहिजे. पण एकदा तिचे मत बदलले, की तिच्या नव्या निश्चयाला आडवा येणारा कोणताही कागद कादंबरीत उरत नाही. 'वंशवृक्ष'मध्ये जुने कागद सर्वाधिक श्रद्धावंताला उद्ध्वस्त करतात. 'आवरण'मध्ये पुढच्या साऱ्या कागदांचा रोख प्रतिपक्षावर असतो. प्राध्यापक शास्त्री हे पात्र तर पूर्वपक्ष म्हणून उभेच राहत नाही. दांभिकता, सोयीस्कर मौन आणि प्रतिष्ठेची हाव यांपलीकडे त्याच्या विचाराला आधार दिलेला नाही. एखादा माणूस प्रामाणिकपणे, इतिहास जाणूनही, आजच्या सहजीवनासाठी वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतो, ही शक्यता कादंबरीने विचारातच घेतली नाही. अमीरच्या द्विधेत ती क्षणभर डोकावते, इतकेच.

संदर्भग्रंथांची यादी हा या संदर्भात केवळ तांत्रिक तपशील उरत नाही. कादंबरीतील सत्य पात्रांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होते. ते ग्रंथांच्या हवाल्याने सिद्ध करावयाचे ठरले, तर वाचकाने त्या ग्रंथांशी आणि त्यांच्या प्रतिवादी ग्रंथांशी वाद घालावयास हवा. तेथे कादंबरीकाराचे अधिकारक्षेत्र संपते. मंदिरे पाडली गेली, हे इतिहासातील सत्य आहे आणि ते सांगण्याचा लेखकाचा हक्क निर्विवाद आहे. मात्र त्या सत्याचा आजच्या माणसांशी जो संबंध लावला जातो तो ग्रंथांतून आपोआप निष्पन्न होत नाही. तो पात्रांच्या जीवनातून पटवावा लागतो. 'आवरण' नेमकी तेथे घाई करते.

५

भैरप्पांच्या विरोधकांनीही या वेळी समीक्षेची जबाबदारी पार पाडली, असे म्हणता येत नाही. अनंतमूर्तींनी भैरप्पा हे वादपटू आहेत, त्यांना कादंबरी लिहिता येत नाही, अशा आशयाचे विधान जाहीरपणे केले आणि मोठे वादळ उठले. या विधानात 'आवरण'पुरता सत्यांश होता. पण 'गृहभंग', 'दाटु' आणि 'पर्व' लिहिणाऱ्याला कादंबरी लिहिता येत नाही, हे कोणत्याही वाचकाला पटणे शक्य नव्हते. परिणाम उलटा झाला. जे वाचक 'आवरण'च्या रचनेविषयी साशंक होते तेही लेखकाच्या बाजूने उभे राहिले. एका कृतीतील दोष दाखवण्याऐवजी संपूर्ण लेखक नाकारला, की त्या कृतीतील दोष दिसेनासा होतो. समर्थकांनी खपाचे आकडे हे वाङ्मयीन गुणवत्तेचे प्रमाण मानले, विरोधकांनी तेच आकडे अभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण मानले. पुस्तक वाचून दाखवण्याचे काम मात्र दोघांनीही पुढे ढकलले.

२०१० च्या 'कवलु'बाबत हेच पुन्हा घडले. स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यांचा दुरुपयोग हा तिचा विषय. स्त्रीवादी टीकेने तिला स्त्रीद्वेषी म्हटले. पूर्वपक्षाचा निकष लावला असता ही कादंबरी 'आवरण'हूनही दुबळी ठरते, कारण स्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्या स्त्रियांच्या मनात प्रवेश करण्याचा प्रयत्न तिने फारसा केलेला नाही. नंजम्मा, कात्यायनी आणि सत्यभामा यांना घडवणाऱ्या लेखकाकडून ही अपेक्षा रास्त होती. विषय निवडण्याचा त्याचा अधिकार मान्य करूनही हा आक्षेप शिल्लक राहतो.

तथापि हा उताराचा सरळ आलेख नव्हे. या दोन कादंबऱ्यांच्या आधी आलेली 'मंद्र' ही हिंदुस्थानी संगीतातील एका थोर गायकाची कथा कला आणि नीती यांच्यातील तेढीचा निकाल लावत नाही. अलौकिक गाणारा हा माणूस इतरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्याचा निर्दयपणे वापर करतो; आणि तरीही त्याचे गाणे खरे आहे, हे कादंबरी नाकारत नाही. सत्य आणि सौंदर्य यांचा विद्यार्थिदशेतील प्रश्न येथे परिपक्व रूपात परतला आहे. या कादंबरीसाठी त्यांना २०१० चा सरस्वती सन्मान मिळाला. २०१७ च्या 'उत्तरकांड'मध्ये रामकथा सीतेच्या बाजूने सांगितली आहे. राम तेथे आदर्शाच्या ओझ्याखाली दबलेला, पत्नीला न्याय न देणारा माणूस आहे. 'आवरण'चे स्वागत करणाऱ्या काही वाचकांना हे रुचले नाही. लेखकाला आपला प्रवक्ता मानणाऱ्यांना लेखकाने दिलेले हे उत्तर आहे, असे म्हणता येईल.

६

मराठीत भैरप्पांचे जे स्वागत झाले त्याचे स्वरूप या सर्व वादांच्या संदर्भात वेगळे आहे. उमा कुलकर्णी यांनी विरुपाक्ष कुलकर्णी यांच्या वाचनाच्या साहाय्याने केलेल्या अनुवादांमुळे 'वंशवृक्ष', 'पर्व', 'तंतू', 'मंद्र', 'आवरण' आणि 'उत्तरकांड' या कादंबऱ्या मराठी घरांत आणि ग्रंथालयांत पोचल्या. भैरप्पा हे जणू मराठीच लेखक आहेत, अशी भावना येथे निर्माण झाली. याच अनुवादिकेने शिवराम कारंत, पूर्णचंद्र तेजस्वी आणि गिरीश कार्नाड यांचेही साहित्य मराठीत आणले. कन्नडमध्ये जे लेखक परस्परांसमोर उभे ठाकले ते मराठीत एकाच हाताने, एकाच आस्थेने, शेजारी शेजारी बसवले गेले. ही अनुवादाची मोठी सांस्कृतिक कामगिरी होय.

या स्थितीचा लाभ असा की मराठी वाचकाला भैरप्पांच्या कादंबऱ्या नव्यांच्या आणि बंडायांच्या भांडणाविना, थेट वाचता आल्या. तोटाही तितकाच आहे. ज्या प्रतिवादाने लेखकाची कसोटी लागते तो प्रतिवाद मराठीत अनूदित झाला नाही. कन्नड समीक्षेतील भैरप्पांविषयीचे गंभीर लेखन मराठी वाचकाला जवळजवळ अनुपलब्ध आहे. परिणामी 'आवरण' मराठीत पोचली ती तिच्या पूर्वपक्षाशिवाय. कादंबरीत जो पूर्वपक्ष दुबळा होता तो तिच्या ग्रहणातही अनुपस्थित राहिला. भारतीय भाषांमधील देवाणघेवाण ही सर्जनशील कृतींच्या अनुवादापुरती मर्यादित राहिली, समीक्षेचा अनुवाद झाला नाही, तर असा एकांगी परिचय अपरिहार्य ठरतो. तौलनिक अभ्यासाचे काम करणाऱ्या विद्यापीठीय विभागांनी आणि अध्यासनांनी या उणिवेकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

अनंतमूर्ती २०१४ मध्ये, कार्नाड २०१९ मध्ये आणि भैरप्पा २०२५ मध्ये गेले. वादातील प्रमुख पुरुष आता उत्तर देण्यास नाहीत. त्यांच्या संहिता आहेत. या तिघांपैकी अनंतमूर्ती आणि कार्नाड यांना ज्ञानपीठ मिळाले, भैरप्पांना मिळाले नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पुरस्काराच्या हिशेबाने वाङ्मयीन प्रश्न सुटत नाही. श्रोत्रींसारखे पात्र घडवताना भैरप्पांनी जो न्याय स्वतःच्या निष्ठांच्या विरुद्ध जाऊनही पाळला, तो शास्त्रींच्या बाबतीत पाळला नाही. त्यांच्या कादंबऱ्यांचे तारतम्य या एका फरकावरून ठरवता येते आणि त्यासाठी त्यांच्या राजकीय मतांशी सहमत किंवा असहमत असण्याची आवश्यकता नाही. समीक्षेपुरते बोलावयाचे तर भैरप्पांचा पूर्वपक्षही तितक्याच न्यायाने मांडण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. 'वंशवृक्ष' आणि 'आवरण' ही दोन पुस्तके एकाच टेबलावर ठेवून वाचणाऱ्या वाचकाला ते आजही करता येईल.